समोरच्या काकांचं मत

ज्या गोष्टीवर समोरच्या काकांचं मत नाही, अशी गोष्ट अमेरिकेत अजून तयार व्हायची आहे. आम्ही हर्नडनला घर घेतलं तेव्हा सामानाचा ट्रक अजून वळणावरच होता आणि काका रस्ता ओलांडून आमच्या दारात हजर झाले होते. नव्या शेजाऱ्यांसाठी लोक काहीतरी गोडधोड घेऊन येतात. काका मत घेऊन आले होते. "कचऱ्याचे डबे डावीकडे ठेवा, उजवीकडून रॅकून येतात." आम्ही अर्थातच डबे उजवीकडे ठेवले, कारण तिकडे जागा जास्त होती. त्याच आठवड्यात रॅकून, म्हणजे इथलं मांजराहून थोराड चोरटं जनावर, आला, डबा आडवा करून गेला, आणि सकाळी मी केळ्याची सालं गोळा करत असताना काका समोरच्या पायरीवर चहा पीत उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. पण चहा नेहमीपेक्षा जास्त वेळ पुरवला.

काकांनी आयुष्यभर पुलांची तपासणी करायची नोकरी केली. त्यामुळे कुठलीही गोष्ट उभी दिसली की ती कधी पडेल, याचा विचार त्यांच्या मनात आधी येतो. त्यांनी पुलांसाठी वापरलेली ही नजर निवृत्तीनंतर सगळ्या जगावर फिरायला लागली. आमच्या काउंटीतलं, म्हणजे इथल्या जिल्ह्यातलं, नळाचं पाणी आणि शेजारच्या काउंटीतलं पाणी यांच्या चवीतला फरक, देवळातल्या शिऱ्यात तूप कोणत्या पुजाऱ्याच्या पाळीला कमी पडतं, सिग्नलचा डावीकडचा बाण आपल्याच वेळी का विझतो, या सगळ्यावर त्यांचं मत तयार असतं. आणि स्वतःचं मत देऊन झालं की ते तुमचं विचारतात, हा त्यांचा मोठेपणा. मात्र उत्तर टाळलेलं त्यांना चालत नाही. एकदा मी त्यांच्या घरच्या आमटीला 'छान' म्हटलं, तर म्हणाले, "छान हे मत नाही. छान ही पळवाट आहे."

रविवारी दुपारी त्यांच्या बेसमेंटमध्ये सिनेमा असतो. कधी इराणचा, कधी कोरियाचा, एकदा आइसलंडचा, ज्यात दीड तास एक मेंढी हरवली होती. येणारे आम्ही ठरलेले लोक: मी, माझा नवरा आणि गल्लीच्या टोकाला भाड्यानं राहणारा, पीएचडी करणारा नागपूरचा एक मुलगा, जो सिनेमासाठी येतो की काकूंच्या हातच्या जेवणासाठी, यावर काकांचं मत आहे. सिनेमाखाली इंग्रजी अक्षरं येतात, ती काका मोठ्यानं मराठीत सांगतात. काकूंना इंग्रजी येत नाही म्हणून, असं ते म्हणतात. काकू इथल्या शाळेत वीस वर्षं ग्रंथपाल होत्या. सिनेमा संपला की दिवा लागतो आणि प्रत्येकानं मत द्यायचं. काकूंनी केलेला चहा त्यानंतर येतो, आधी नाही.

सिनेमा निवडण्याची त्यांची पद्धतही वेगळी. समीक्षक काय म्हणतात याला ते किंमत देत नाहीत. त्या त्या देशातल्या साध्या प्रेक्षकांनी संकेतस्थळांवर लिहिलेली मतं शोधायची, त्यांचं यंत्राकडून मराठी भाषांतर करून घ्यायचं आणि ते छापून वाचायचं. गेल्या वसंतात त्यांना ब्राझीलचा एक सिनेमा सापडला. एका बंदराच्या गावातलं पोलीस ठाणं, तिथला प्रत्येक जण हप्ते घेणारा, आणि त्यात नव्यानं आलेला एक तरुण अधिकारी जो हप्ता घ्यायला नाही म्हणतो. ब्राझीलच्या एका प्रेक्षकानं त्यावर काय लिहिलं होतं देव जाणे, यंत्रानं त्याचं मराठी केलं होतं, "या दिग्दर्शकाने भात आणि घेवडा नीट केला आहे." काका तो कागद घेऊन थेट आमच्याकडे आले. "बघा! सिनेमा एवढा गंभीर आणि या लोकांचं लक्ष जेवणावर!" तरीही पाहुण्या देशाचा मान म्हणून काकूंना त्या रविवारी राजमा-भात करायला सांगण्यात आला. 'भात-घेवडा' म्हणजे तिकडे साधं काम नेटकं करणं, हे आम्हाला फार नंतर कळलं.

पण हा सिनेमा निवडण्यामागचं खरं कारण भात नव्हता, घेवडाही नव्हता. कारण होतं त्यांची मुलगी, अनू.

अनू इथेच जन्मली, इथेच वाढली. कॉलेज झालं, दोन वर्षं कुठल्याशा ऑफिसात बसून झाली, आणि त्या फेब्रुवारीत तिनं घरी सांगितलं की तिची काउंटीच्या पोलिसात निवड झाली आहे, उन्हाळ्यात ट्रेनिंग सुरू होईल. काकूंनी विचारलं, "नक्की ना?" अनू म्हणाली, "नक्की." आणि काका गप्प बसले. सगळ्या जगावर मत असलेला माणूस पोटच्या मुलीबद्दल एक अक्षर बोलेना. घरात डाळ महाग झाल्याबद्दल बोलायचे, गटार तुंबल्याबद्दल बोलायचे, पण अनू खोलीत आली की वर्तमानपत्र वर जायचं. ती बिचारी वाट बघत होती, हे आम्हाला समोरच्या घरातूनसुद्धा दिसत होतं.

पोलिसांवर काकांचं मत नव्हतं असं नाही. ते तर सगळ्यात जुनं आणि सगळ्यात छोटं मत होतं: "खातात." तरुणपणी, गावाकडे, पासपोर्टच्या चौकशीला एक हवालदार घरी आला. त्यानं पोहे खाल्ले, चहा घेतला आणि उठताना विचारलं, "मग चहापाण्याचं काय?" काका भाबडेपणानं म्हणाले, "अहो, आत्ताच तर झालं की!" त्या एका वाक्यापायी पासपोर्ट वर्षभर लांबला. ही गोष्ट अनूनं पाळण्यापासून ऐकली. आता इथे वाढलेलं मूल, त्याला 'पोलीस पैसे खातात' याचा अर्थ काय कळणार? तिनं तो शब्दशः घेतला. तिच्या शाळेत एकदा एक पोलीस मुलांना गाडी दाखवायला आला, तेव्हा ही पाच-सहा वर्षांची पोर डब्यातून सुटी नाणी घेऊन पुढे झाली आणि म्हणाली, "आर यू हंग्री?" तो पोलीस पोट धरून हसला आणि त्यानं तिला गाडीत बसवून सायरन वाजवू दिला. तेव्हापासून तिला पोलीस आवडायला लागले. म्हणजे ही आग मुळात काकांनीच लावली होती, पण हे त्यांना कोण सांगणार?

सिनेमाच्या आदल्या दिवशी काकांनी मला फाटकाशी गाठलं. "उद्या अनूला बसवतोय," ते हळू आवाजात म्हणाले. "मी काही बोलणार नाही. तुम्ही सगळे बोला. पोलीस खातं कसं असतं, त्यात चांगला माणूस कसा चिरडला जातो, हे चार लोकांच्या तोंडून ऐकलं की तिचं तिलाच पटेल. तुम्ही फक्त खरं मत द्या."

"आणि खरं मत दुसरंच निघालं तर?" मी विचारलं.

"कसं निघेल?" काका म्हणाले. "सिनेमा मी निवडलाय."

रविवारी अनू शेवटच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. काकांनी भाषांतर सुरू केलं. ब्राझीलचे पोलीस अस्सल मराठीत 'साहेब, तेवढं बघा की' म्हणू लागले. हप्ता आला की काका आवाज चढवत आणि मान किंचित मागे वळवून अनूकडे बघत. पण सिनेमा पुढे सरकला तसा तो तरुण अधिकारी एकटा पडत गेला. त्याच्या टेबलाशी कुणी बसेना, त्याच्या गाडीचं चाक कुणीतरी फोडलं, आणि काकांचा आवाज हळूहळू खाली आला. शेवटी तो सकाळी आरशासमोर शर्टाची बटणं लावतो, गाडीत बसतो, किल्ली फिरवतो, आणि पडदा काळा होतो. पुढे काय झालं ते कळत नाही.

दिवा लागला. नागपूरच्या मुलापासून सुरुवात झाली. "काका, सिस्टीम टोटल सडलेली आहे, हे मान्य," तो म्हणाला. काकांनी समाधानानं मान डोलावली. "पण यार, तो एकटा भिडला ना! असे दहा लोक पाहिजेत."

काकांची मान थांबली. ते माझ्या नवऱ्याकडे वळले. तो म्हणाला, "मला तर वाटलं, आपल्यात हिंमत असती तर आपणही असंच काही केलं असतं. आपण आयुष्यभर मीटिंगा केल्या." आता सगळी भिस्त माझ्यावर. काका माझ्याकडे असे बघत होते की मला खरंच खोटं बोलावंसं वाटलं. मी म्हटलं, "पोलीस खातं वाईटच..." आणि पुढचं वाक्य येईना, कारण मी मघापासून रडत होते आणि ते सगळ्यांना दिसत होतं. मी फितूर झाले. काकू म्हणाल्या, "त्या मुलाला दुपारी जेवलास का असं एकदाही कुणी विचारलं नाही. दोन तासांत एकदाही नाही."

"चला, चहा घेऊ," काका म्हणाले. चहाच्या आधी मतं संपवायचा नियम त्यांनी पहिल्यांदाच मोडला.

"माझं राहिलं," मागून अनू म्हणाली.

काका उभेच राहिले.

"बाबा, ही वॉज्न्ट स्केअर्ड ऑफ द बॅड गाइज. ही वॉज लोनली. तो काय करतो ते त्याच्या घरी कोणालाच ऐकायचं नव्हतं." "तू सगळ्यांना मत विचारतोस. मेलमनला पण विचारतोस. मला विचारलंच नाहीस मी हे का करते."

काकांनी हातातला रिमोट उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाले, "सिनेमा वाईट आहे."

"का?" अनूनं विचारलं.

"त्या पोराचं पुढे काय झालं ते दाखवलंच नाही. सकाळी गाडीत बसला आणि संपलं. असा शेवट कुणी करतं का? त्याच्या आईबापांनी काय समजायचं?" आणि मग, ज्या माणसानं आम्हाला कधी साध्या 'छान'वर सोडलं नाही, तो स्वतःच अडखळत म्हणाला, "मला भीती वाटते गं, अनू. ते खातात-बितात ते जाऊ दे. मला भीती वाटते."

अनू उठून त्यांच्याजवळ गेली. आम्ही तिघं, शहाण्या माणसांनी करावं तसं, चहा आणायच्या निमित्तानं वर स्वयंपाकघरात गेलो. बराच वेळ खाली नुसतं बोलणं चाललेलं ऐकू येत होतं. बहुतेक तीच बोलत होती.

ट्रेनिंग संपल्यावर शपथविधीत छातीवर बिल्ला घरच्या माणसानं लावायचा, अशी इकडे पद्धत आहे. अनूनं काकांना विचारलं. त्यानंतर काकांनी घरातला एक जुना बिल्ला घेऊन सरावाला सुरुवात केली. सोफ्याच्या उशीला बिल्ला लावून झाला, काकूंच्या शालीला लावून झाला, एकदा मी साखर मागायला गेले तर मला उभं करून माझ्या स्वेटरला लावून बघितला. प्रत्यक्ष समारंभात त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं तिच्या गणवेशाच्या कापडाखाली सरकवली, टाचणी चुकून तिला लागू नये म्हणून, आणि ती त्यांच्याच बोटात गेली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. बिल्ला मात्र एकदम सरळ लागला.

मग वरिष्ठ अधिकाऱ्यानं हात पुढे केला. हयात अमेरिकेत काढलेल्या माणसाला त्या क्षणी इंग्रजीनं दगा दिला. काकांनी तो हात दोन्ही हातांत धरला आणि आपल्या मुलीच्या सचोटीची ग्वाही दिली, "सर, माय डॉटर विल नेव्हर ईट."

तो अधिकारी क्षणभर गोंधळला. मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी गंभीरपणे म्हणाला, "सर, वी विल मेक शुअर शी ईट्स." अनूनं हसू दाबायला खालचा ओठ चावला. काकू परत येताना गाडीभर हसत होत्या. काका मात्र म्हणाले, "माणूस चांगला वाटला. काळजी घेणारा आहे."

आता ती कामावर रुजू झाली आहे. रविवारचे सिनेमे चालू आहेत, पण गोळीबाराचे आता काका आणत नाहीत. त्यांचा फोन मांडीवर पालथा नाही, उताणा असतो, आणि तो वाजला की आम्ही सगळेच गप्प होतो.

मागच्या रविवारी फिनलंडचा सिनेमा होता. निम्मा झाला असेल नसेल, तेवढ्यात अनू ड्यूटीवरून आली. रात्रीची पाळी दुपारपर्यंत लांबली होती, रात्रभराची जागी होती. गणवेशातच आमच्यामागच्या कोचावर बसली, काकूंनी दिलेलं ताट मांडीवर घेतलं आणि दोन घास खाऊन तशीच झोपली. काकांनी सिनेमा थांबवला. तिच्या मांडीवरचं ताट अलगद उचलून बाजूला ठेवलं आणि आमच्याकडे वळून कुजबुजले, "तुम्ही आता जा. झोपू दे तिला."

आम्ही एकामागून एक पाय न वाजवता जिना चढलो. मी वळून पाहिलं तेव्हा काका तिच्या बुटांच्या नाड्या सोडत बसले होते, एकेक गाठ, अगदी सावकाश. ती लहान होती तेव्हा बसत असतील तसेच. फिनलंडच्या त्या सिनेमात पुढे काय झालं ते आम्हाला अजून माहीत नाही, आणि कुणी विचारलेलंही नाही.