चव्वेचाळीस वर्षांची बुलेट ट्रेन आणि माझा गळका पंप

मंडळी, आज सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरून, आमच्या प्लांटमधून परतताना कंपनीच्या बसमध्ये तासभर स्वतःवरच चिडून बसले होते. इथे लिहिल्याशिवाय जेवण जायचं नाही.

मी प्लांटमध्ये मेंटेनन्स बघते. एक जुना पंप वर्षभर छळतोय. सील तीनदा बदललं, तरी गळतोच. आज मीटिंगमध्ये नवा मागितला.

आमचे मॅनेजर इथलेच. हसत म्हणाले, "जपानची ती पहिली बुलेट ट्रेन चव्वेचाळीस वर्षं धावली, असं तूच सांगितलंस ना? हा पंप तर अजून पंचविशीतला. स्टिल कॅन, लाह." म्हणजे, अजून चालेल की. सगळे हसले.

सांगितलं होतं खरं. गेल्याच आठवड्यात, जेवताना, मोठ्या कौतुकानं. गोल नाकाची ती गाडी माझी लहानपणापासूनची लाडकी.

पण चव्वेचाळीस वर्षं टिकलं ते मॉडेल. सुरुवातीचे डबे बारा-पंधरा वर्षांतच भंगारात काढले आणि त्याच नमुन्याचे नवे बांधत राहिले. काही बिघडायची वाट बघत बसले नाहीत, म्हणून तर ती एवढी चालली.

हे सांगायला तोंड उघडलं, तोवर स्क्रीनवर पुढचा विषय आला होता. पंप गेला पुढच्या वर्षावर.

मॅनेजरांवर राग आहेच. पण अर्धीच गोष्ट रंगवून सांगणारी मीच.

उद्या सकाळी त्या पंपाशेजारी आमचा ऑपरेटर उभा असेल, हातात पाना घेऊन. नवा पंप कधी येणार, असं तो विचारेल. त्याला आता कुठली गोष्ट सांगू?