कंप्युटरमधल्या गावाचा गहू
शिजत्या हळदीचा वास आला की मला आमच्या वसमतच्या घरातली एक दुपार आठवते. त्या दिवशी बाहेर अंगणात हळद शिजत होती. दादानं नवा कंप्युटर आणला होता आणि मी त्यावर गाव वसवायचा खेळ खेळत होते. गावात माणसं वाढली, पण त्यांना पुरेल एवढा गहू काही पिकेना. हिवाळा आला की माणसं उपाशी मरायची. नुकतीच लग्न होऊन आलेली, विचारल्याशिवाय न बोलणारी वहिनी माझ्या मागं येऊन उभी राहिली. "पीक काहून येईना? पाणी न्हाई का?" तिनं हळूच विचारलं. मी शेताशेजारी विहीर खोदली, तरी गहू तेवढाच आला. मग ती वाकून पडद्यावरची बारकी माणसं निरखू लागली. "ताई, ही लांबून चालत येऊन राहिलीत. पोचेपर्यंतच दिवस मावळतो. घरं शेताजवळ बांधा की." मी तशी बांधली. पुढच्या सुगीला कोठार गच्च भरलं आणि वहिनी एवढ्या मोठ्यानं हसली, की आई स्वयंपाकघरातून धावत आली. वहिनीचं तिकडं लक्षच नव्हतं. खुर्ची ओढून बसत तिनं विचारलं, "आता काय पेरायचं?" हिच्या मनात आणखी काय काय असेल, याचं कुतूहल मला त्या दुपारी वाटू लागलं. ते अजून संपलेलं नाही.