बिब्ब्याचे दोन डाग

शेजारच्या काकू टाचेच्या भेगांना बिब्ब्याचा चटका देत होत्या. तो जळका, तेलकट वास खिडकीतून आला आणि मी पंधरा वर्षांमागच्या एका दुपारी जाऊन पोचलो.

विष्णुपुरीच्या कॉलेजात मी कारकून होतो. आपण दत्तक आलेलो आहोत हे मला ठाऊक होतं, पण सख्खी थोरली बहीण त्या दिवशी पहिल्यांदाच समोर बसली होती. देवणीहून निघून, उदगीरला एसटी बदलून आली होती. कँटीनमधला चहा निवत ठेवून ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"तान्हा होतास तवा तुझं पोट लई दुखायचं. मायनं बेंबीपाशी बिब्ब्याचे दोन डाग दिले. मीच तुझे पाय धरले होते. दाखव की रे."

शेजारच्या टेबलावर ऑफिसातली माणसं होती. "इथं नको," मी पुटपुटलो.

"लाजायलास व्हय? तुला न्हाऊ घातलंय मी!" ती हसली. मी हसलो नाही.

स्टँडवर एसटीत चढताना तिनं वळून विचारलं, "तूच हायस न्हवं, बाळू?"

"बसा लवकर, जागा जाईल," मी म्हणालो.

पुढच्या खेपेला दाखवू, असं मनाशी ठरवलं होतं. चार महिन्यांनी ती गेल्याचा फोन आला.

ज्यांना लाजलो, त्यांची नावंही आता आठवत नाहीत. डाग मात्र रोज आंघोळीला दिसतात. ते ओळखणारं एकच माणूस उरलं होतं, आणि त्याला मी खात्री न देताच परत पाठवलं.