पायाखालचा पाइप

उन्हाळ्यात भर दुपारी काम बंद ठेवायची पद्धत चिंचवडच्या आमच्या कारखान्यात मी सुरू केली, असं अजूनही सांगतात. माझ्या निरोप समारंभातही तेच सांगितलं गेलं आणि मी गळ्यात हार घालून घेतला. ते खरं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. ओतून काढलेले लोखंडी भाग मागच्या उघड्या आवारात साफ केले जात. हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्न्या, वर वैशाखाचं ऊन, कानात कापसाचे बोळे. शेजाऱ्याची हाकही ऐकू यायची नाही. मी तिथला सुपरवायझर. माणसं जोडीने, पाठीला पाठ करून बसत, आणि प्रत्येकाचा एक पाय जोडीदाराच्या हवेच्या पाइपावर असे. रबर झिजतं म्हणून मी रोज खुणेने दटावायचो. पाय निघायचे, मी वळलो की परत जायचे.

एका दुपारी एक जण हातातलं काम टाकून उठला. चुकारपणा वाटून मी ओरडलो. कोणाला ऐकू जाणार? त्याचा जोडीदार मागे आडवा झाला होता. अंग भट्टीसारखं तापलेलं आणि कोरडं, घामाचा टिपूस नाही. कोणीतरी कॉम्प्रेसर बंद केला. त्याला आवारातल्या कडुलिंबाखाली नेलं, ओल्या गोणपाटाने वारा घातला. मी बादलीने पाणी ओतत राहिलो.

काम टाकून उठलेल्याला मी विचारलं, त्याच्याकडे पाठ असताना कळलं कसं?

"पाइप थरथरायचा थांबला, सायेब. पाय त्यासाठीच ठिवतो आमी."

त्या कल्लोळात ही माणसं दिवसभर एकमेकांची नाडी धरून बसलेली असत, आणि मला रबराची काळजी.

बऱ्याच वेळाने आडव्या पडलेल्याने डोळे उघडले. "मशीन कुनी बंद केली? सायेब वराडत्याल."

"सायेबच पानी वतत्यात तुझ्यावर. गप पड," जोडीदार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सगळे उजाडतानाच कामावर आले, आणि बारा ते तीन कोणीच छिन्नी उचलली नाही. मला विचारलंही नाही. मी वर मॅनेजरसाहेबांकडे जाऊन एवढंच सांगितलं, की असंच चालू द्यावं. तेही माझीच कल्पना असल्यासारखं.

मग लिंबाखाली जाऊन बसलो. कान बधिर झाल्यामुळे सगळे जरा मोठ्यानेच बोलत होते. एकाचा आवाज घोगरा, एकाचा अगदी बारीक. दोन उन्हाळे मी त्यांच्यावर देखरेख केली होती, आणि त्यांचे आवाज पहिल्यांदाच नीट ऐकत होतो.