मेंढ्याच्या पायातला पट्टा

आटपाडीकडच्या हरिबानं अर्धं आयुष्य रात्रपाळीत काढलं. तासगावजवळ बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर तो राखणीला होता. गाव झोपलं की हा जागा, आणि गाव कामाला लागलं की हा घोंगडं ओढून आडवा. काम सुटलं आणि तो कायमचा घरी आला, तेव्हा त्याची बायको बयाबाई हरखून गेली होती. पण हरिबाच्या अंगातली रात्रपाळी काही सुटेना. रात्री टक्क जागा, दिवसभर मलूल. हळूहळू बोलणं आटलं, जेवणावरची वासना उडाली. भाऊ बिराप्पा मेंढरं घेऊन दारावरनं जाताना हाक मारायचा, तर हा भिंतीकडं तोंड फिरवायचा.

"मला कायबी नगं वाटतंय," एवढंच त्याचं उत्तर.

त्याच सुमारास कराडची क्रांती त्या भागात आली. झोप आणि उदासी यांचं नातं शोधणारी ती संशोधक. आपल्या शरीरात उजेडाच्या तालावर चालणारं एक घड्याळ असतं. ते वर्षानुवर्षं उलटंपालटं झालं तर मनावर काय परिणाम होतो, याचा ती रात्रपाळीवाल्या माणसांमध्ये अभ्यास करत होती. बयाबाईनंच तिला घरी आणलं. क्रांतीनं हरिबाच्या मनगटावर एक पट्टा बांधला.

"काका, हा काढायचा नाही बरं का. तुम्ही कधी झोपता, कधी हालचाल करता, उजेडात किती असता, सगळं हा टिपतो."

जन्मभर दुसऱ्याच्या मालावर नजर ठेवणाऱ्या माणसावर आता नजर! दिवसाढवळ्या आपण लोळतो, हे परक्या बाईला दिसणार म्हणून हरिबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिराप्पाच्या कळपात जाऊन त्यानं तो पट्टा गुपचूप एका मेंढ्याच्या पायात अडकवला. क्रांती यायच्या दिवशी सकाळीच सोडवून परत हातात घातला.

क्रांतीनं लॅपटॉप उघडला आणि तिचे डोळेच विस्फारले. "काका, कमाल आहे! तुम्ही तर दिवसभर माळावर हिंडताय. पण मध्येच धावत जाऊन धाडकन थांबता, परत मागं येता, परत धाडकन... हे काय करता?"

"धावत्यात?" बयाबाई म्हणाली. "आवं बाई, हे कुशीवर बी वळत न्हाईत!"

दोघींच्या नजरा हरिबाकडं वळल्या. त्यानं मान खाली घातली. "त्यो मी न्हवं. बिराप्पाचा मेंढा हाय. टकरी घ्यायचा लय नाद हाय त्याला."

क्रांती हसता हसता खाटेवर बसलीच. बयाबाईनं पदर तोंडाला लावला. आणि मग हरिबाही हसला; कित्येक महिन्यांनी, घोगऱ्या, गंजल्यासारख्या आवाजात.

"आळशी म्हनशीला, म्हनून लाज वाटली," तो म्हणाला.

"काका, हा आळस नाही," क्रांती शांतपणे म्हणाली. "रात्रीला दिवस मानायला शरीराला तुम्हीच शिकवलंत. ते विसरायला त्याला वेळ लागणार. आणि मनाची उदासी हाही आजारच, त्याला औषध आहे."

तिनं त्याला सांगलीच्या मनोविकारतज्ज्ञांकडं नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, रोज ठरल्या वेळी उठा, सकाळचं ऊन अंगावर घ्या, दुपारी झोपू नका.

उठवायचं काम बयाबाईनं अंगावर घेतलं. दिवस उजाडला की ती चहाची किटली घेऊन थेट माळावरच जायची. "च्या पायजे आसंल तर तिकडं या!" पहिले काही दिवस हरिबा शिव्या घालत गेला. मग नुसताच गेला. आणि एका सकाळी, कपातून वाफ निघत असताना, समोर बघत म्हणाला, "ही ज्वारी कुनाची गं? लय झ्याक आलीया."

बयाबाईनं पटकन तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. नवऱ्यानं जगाबद्दल काहीतरी विचारलं होतं.

रात्रीची झोप हळूहळू लागू लागली. पुढं क्रांती म्हणाली, "काका, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. मला पुष्कळ माणसं लागतील, सांगलीला तपासायला." तेव्हा हरिबानं जीप ठरवली, रात्रपाळीतले जुने सोबती घराघरांतून उठवून आत कोंबले आणि बयाबाईला घेऊन सगळ्यांसह सांगलीला निघाला. वाटेत गरम भज्यांचा वास आला, तशी त्यानं जीप थांबवली.

"आरं गड्या, मिरच्या एवढ्या बारक्या व्हय?" त्यानं भजीवाल्याशी जोरात हुज्जत घातली आणि दुसरी प्लेट मागवली.