चालू दुकानात फेटलेलं क्रीम

एप्रिलमधला शनिवार होता. मदन महल भागातल्या आमच्या घरी एका शिक्षिकेचा फोन आला. रविवारी संध्याकाळी शाळेत निरोप समारंभ, चार किलोचा क्रीम केक हवा. घराबाहेरच्या कुणी मागितलेला हा माझा पहिला केक. आज सहापर्यंत कळवते, असं मी म्हणाले. अडचण मनगटाची होती. हाताने क्रीम फेटलं की दोन दिवस पोळी लाटता येत नसे. हँड मिक्सर मिळाला तरच होकार.

मी सर्वांत जास्त वॅटचा निवडून ठेवला होता. बाबा खमरियाच्या फॅक्टरीतून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पंखासुद्धा कधी चालवून पाहिल्याशिवाय घेतलेला नाही.

"काहून घाई करून राहिली? रिकामा तर कोणताबी फिरते. लोड देऊन पाहू."

थंड क्रीम, स्टीलची तीन भांडी आणि थर्मासभर बर्फ घेऊन आम्ही दुकानात गेलो.

"दीदी, ये दुकान है, किचन नहीं," दुकानदार म्हणाला.

"भैया, जो पास होगा, वही लेके जाएँगे," बाबा म्हणाले. "बाकी की पत्तियाँ धोकर देंगे."

त्याने डिस्प्लेमधले तीन मिक्सर काउंटरवर ठेवले. मी भांड्यांत क्रीम ओतून खाली बर्फ घातला. मी निवडलेल्या मिक्सरने पहिल्याच वेगाला उसळी घेतली आणि क्रीम दुकानदाराच्या चष्म्यावर उडालं.

"फेल," बाबा म्हणाले.

कूलर बघायला आलेले एक गृहस्थ जवळ सरकले. "बाबूजी, हमारा कूलर भी पास कर दो!"

दुसरा सुरळीत चालला. चार मिनिटांनी बाबांनी त्याच्या पाठीला पालथा हात लावला आणि झटकन काढला. तोही फेल.

तिसरा सर्वांत कमी वॅटचा होता. तो हळू सुरू झाला. क्रीमवर पात्यांच्या रेघा उमटल्या, मिटल्या, मग मिटेनाशा झाल्या. मी पाती उचलली तेव्हा क्रीमचा शेंडा उभा राहिला. बाबांनी हात लावला. मोटर कोमट.

"भांडं उलटं कर."

"इथे?"

"मग कुठे?"

मी काउंटरवर भांडं उलटं धरलं. दुकानदाराने बिलबुक मागे ओढलं. एक थेंबही पडला नाही. कूलरवाल्या गृहस्थांनी टाळी वाजवली.

दुकानदार आतून सीलबंद खोका घेऊन आला. बाबांनी तो परत केला. "पास ये हुआ है. यही देना."

बाबा मागच्या नळावर पाती धुवायला गेले. मी काउंटरवरूनच शिक्षिकेला फोन लावला. सहाला दहा मिनिटं कमी होती.

"मॅडमजी, केक बन जाएगा."

"पूरा चार किलो? पक्का?"

मी मनगट फिरवून पाहिलं. दुखत नव्हतं.

"पक्का."