नवमीची सवाष्ण

ते प्रकरण मी विसरलेलो नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. सकाळी फिरायला गेलो की जुने सहकारी भेटतात आणि कुणीतरी म्हणतंच, साहेब, ते आता सोडून द्या. मी सोडत नाही. नावं कुणाचीच देणार नाही, गावाचंही नाही. बाकी जसं घडलं तसं सांगतो.

सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका ग्रामीण ठाण्याचा मी चार्ज घेतला होता. नव्या ठाण्यात गेलो की पहिल्या आठवड्यात मुद्देमाल खोली, हत्यारं आणि प्रलंबित रजिस्टरं स्वतः उघडून पाहायची, अशी माझी सवय होती. मिसिंग रजिस्टरात पाच वर्षांपूर्वीची एक नोंद सापडली. विवाहिता, वय चोवीस, खबर देणार नवरा, राहत्या घरातून कोणास काही न सांगता निघून गेली. शेऱ्याच्या रकान्यात वेगळ्या शाईनं कुणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘पळून गेली असावी’. त्याखाली तपास म्हणून एक ओळ नव्हती.

त्याच आठवड्यात त्या मुलीची आई भेटली. ती मंद्रूपच्या बाजारात भाजी विकायची आणि बाजार उरकला की रिकामी पाटी घेऊन ठाण्यात यायची. पाच वर्षं हा नेम होता. तिला पाहिलं की आमचे हवालदार काहीतरी काम काढून आत जायचे. ती रडायची नाही, हात जोडायची नाही, चहा दिला तर घ्यायची नाही. बाकावर ताठ बसून राहायची. मला पाहून उठली आणि विचारलं, नवीन सायब तुमीच का? मी हो म्हणालो.

“माझी लेक पळाली म्हनून तुमच्या वहीत लिवलंय,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी पंचमी व्हती. तिचा भाऊ न्यायला जानार व्हता. म्हायेरला जायाच्या आदल्या दिवशी कोन पळून जातंय? एवढं तरी इचारा की त्यास्नी.”

पाच वर्षांत हा साधा प्रश्न कुणी कागदावर घेतला नव्हता. भाऊ नागपंचमीला बहिणीला आणायला गेला, तेव्हा नवऱ्यानं सांगितलं की ती कालच कुणाबरोबर तरी गेली. भाऊ खाली मान घालून परतला. नवऱ्यानं दोन दिवसांनी खबर दिली आणि सगळ्यांनी ती खरी मानली. आता तर त्यानं घटस्फोटाचा अर्ज केला होता. बायको परपुरुषाबरोबर नांदायला गेली, असं त्यात लिहिलेलं. थोड्याच महिन्यांत निकाल लागणार होता. म्हणजे कोर्टाच्या शिक्क्यानिशी ती पळालेली ठरणार होती. लेक जिवंत मिळेल ही आशा आईनं केव्हाच सोडली होती. तिला लेकीच्या नावावरचा हा डाग निकालाच्या आत पुसायचा होता.

मी आधी त्या परपुरुषाला शोधलं. गावात सगळ्यांच्या तोंडी एकच माणूस होता. चिंचोळी एमआयडीसीत फिटर होता आणि सुट्टीच्या दिवशी पिठाची गिरणी दुरुस्त करायला गावात यायचा. त्याचं घर सोलापुरात भवानी पेठेत निघालं. पत्ता काढायला अर्धा दिवसही लागला नाही. घरात बायको, दोन मुली, आजारी वडील. कारखान्याची हजेरी पाहिली, तर त्या आठवड्यात एकही खाडा नाही. तो मला म्हणाला, “साहेब, माझ्या नावावर काय बोलतात ते मला माहीत आहे. म्हणून मी त्या गावाची वाट सोडली. पण पोलीस म्हणून तुम्ही आज पहिल्यांदा आलात.” मला खाकीची लाज वाटली, हे लपवत नाही.

दोन दिवसांत वरून फोन आला. नवऱ्याचा चुलता तालुक्यात वजन राखून होता. वरिष्ठ साहेब गोड आवाजात म्हणाले, चांगलं ठाणं मिळालंय, जुनी मढी कशाला उकरताय? मी म्हणालो, सर, तसा लेखी आदेश द्या, लगेच थांबतो. लेखी आदेश काही आला नाही. मला ठाऊक होतं, असले आदेश लेखी येत नसतात.

पण नुसत्या हट्टानं तपास पुढे सरकत नाही. पुरावा काही नव्हता. नवरा दोनदा बोलावल्यावर दोनदा आला, इस्त्रीचे कपडे, तोंडात साहेब साहेब. एकच गोष्ट त्याच शब्दांत सांगायचा: बायको आदल्या दिवशी गेली, पंचमीला तिचा भाऊ येऊन गेल्यावर दिवसभर नातेवाइकांकडे शोधलं, मग खबर दिली. खरं बोलणारा माणूस सांगताना अडखळतो, मध्येच मागे जातो, काहीतरी विसरतो. हा कधी अडखळला नाही. माझा संशय पक्का झाला, पण संशयावर दोषारोपपत्र होत नाही.

वाट मिळाली ती अगदी वेगळ्या तक्रारीतून. त्याच नवऱ्याची शेजारीण ठाण्यात आली. त्यानं गोठ्याचं पाणी हिच्या दारात सोडलं होतं. अदखलपात्र मामला. आमच्या महिला शिपाई तिची तक्रार लिहून घेत होत्या. मी पलीकडच्या टेबलावर सह्या करत होतो. बाई तावातावानं बोलत होती. “सून पळाली तरी आमी गावात तोंड उघडलं न्हाय. तीन वर्सं नवमीला ह्यांच्या घरी आहेव म्हनून जेवायला गेले. आन आता माझ्याच दारात घान सोडतुया व्हय?”

महिला शिपाईंनी लिहिणं थांबवलं. बाईला पाणी दिलं, बाहेर बसवलं आणि माझ्या टेबलापाशी येऊन हळू आवाजात विचारलं, “सर, त्या घरात आहेव कोण गेलंय?”

मला कळलं नाही. तीस वर्षं नोकरी, कायद्याची कलमं तोंडपाठ, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग त्यांनीच समजावलं. पितृपक्षातल्या नवमीला, नवरा जिवंत असताना वारलेल्या बाईच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात. सवाष्णीलाच गावाकडे आहेव म्हणतात, आणि जी सवाष्णपणी वारली तिलाही. तिचा नवरा जिवंत आहे तोवरच हे करायचं असतं.

शेजारणीला परत बोलावलं. जेवण कुणाच्या नावाचं, असं विचारलं. सासू नवस हाय म्हनली, एवढंच ती बोलली आणि नजर चुकवली. तिला माहीत नव्हतं असं मी मानत नाही. गावाला बऱ्याच गोष्टी माहीत असतात. फक्त गाव विचारत नाही.

ग्रामपंचायतीचं मृत्यू रजिस्टर काढलं, पोलीस पाटलांकडून खात्री केली. सासू स्वतः विधवा. तिची सासू वारली तीही विधवा म्हणून. मुलगा एकुलता एक, घरात दुसरी लेक-सून नाही. नवरा जिवंत असलेली एकच बाई त्या घरातून कमी झाली होती, आणि ती घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे परक्या माणसाबरोबर सुखात नांदत होती. मग दरवर्षी पान कुणासाठी वाढलं जात होतं?

वयस्कर बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घरी जाऊन घ्यावा लागतो. नवरा तारखेला कोर्टात गेलेला पाहून मी आणि महिला शिपाई सकाळी त्या घरी गेलो. म्हातारी ओसरीत ज्वारी निवडत बसली होती. तिनं आम्हाला बसायला पोतं टाकलं. मी आवाज चढवला नाही. विचारलं, काकू, नवमीला आहेव कुणाच्या नावानं जेवू घालता?

ती म्हणाली, सासूच्या. मी म्हणालो, तुमच्या सासूबाई तर सासऱ्यांच्या माघारी गेल्या, पंचायतीत नोंद आहे. म्हातारी ज्वारी निवडतच राहिली. सुपातले खडे संपले तरी बोटं थांबेनात. महिला शिपाई तिच्याजवळ सरकून बसल्या. चौकशीत गप्प बसायला शिकणं सगळ्यांत अवघड असतं.

“तिचा भावाचा उपास व्हता,” म्हातारी म्हणाली. “पंचमीच्या आदल्या दिवसाचा. सकाळधरनं पोटात काय न्हवतं तिच्या. उपाशीच गेली ओ ती.”

पुढचं ती जमिनीकडे बघत बोलली. माहेरी पाठवणार नाही, यावरून भांडण झालं. पोरीनं पिशवी भरून ठेवली होती. त्यानं तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. म्हातारीला आत कोंडलं. नंतर काय केलं ते तिला माहीत नव्हतं. तो मळ्याकडे गेला होता, इतकंच तिनं ऐकलं होतं.

मळ्यात एक जुना आड होता, तो बुजवलेला होता. कधी बुजवला, हे मी त्या नवऱ्याला विचारण्याआधी ट्रॅक्टरवाल्याला विचारलं. पाच वर्षांपूर्वीचं तुला काय आठवणार, असं मी म्हणालो, तर तो लगेच बोलला. “ध्यानात हाय की सायब. पंचमीचा दिवस व्हता. पंचमीला रान उकरत न्हाईत. मी मुरूम काडायला नगं म्हनत व्हतो. त्यानं लई घाई केली.”

संध्याकाळी नवरा समोर बसला. त्यानं आपली पाठ केलेली गोष्ट सुरू केली. मी ती पूर्ण होऊ दिली आणि एकच विचारलं. पंचमीला भाऊ येऊन गेल्यावर तू दिवसभर नातेवाइकांकडे तिला शोधत होतास ना? मग त्याच दिवशी आडात मुरूम कोण टाकत होतं? तो पहिल्यांदा अडखळला. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांसमोर त्यानं जागा दाखवण्याचं निवेदन दिलं. तहसीलदार आणि डॉक्टरांच्या समक्ष आड उकरला. हाडं मिळाली, जोडवी मिळाली, बांगड्यांचे तुकडे मिळाले. हाडांची डीएनए तपासणी आईच्या रक्ताशी जुळली. घटस्फोटाचा अर्ज फायलीतच राहिला आणि पुढे सत्र न्यायालयात त्याला जन्मठेप झाली.

सासूनं आधी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर आणि मग कोर्टात सगळं सांगितलं, फिरली नाही. लोक मला म्हणतात, बिचारीनं निदान घास तरी घातला. मला हे पटत नाही. एका आईची लेक बदनाम होत असताना तिनं पाच वर्षं तोंड शिवून ठेवलं आणि स्वतःच्या मनाच्या शांतीसाठी शेजारणीला पुरणपोळी वाढली. मेलेल्या पोरीला जेवण नको होतं, तिला एक खरं वाक्य हवं होतं. म्हातारीचा मला राग आला आणि अजून आहे. त्याच घासानं गुन्हा उघड केला, हेही मी नाकारत नाही.

या प्रकरणानं मला जे शिकवलं ते मी पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आलो. बाई हरवली की आपण आधी तिचं चारित्र्य तपासतो आणि मग वेळ उरला तर तिला शोधतो. ‘निघून गेली’ हे ठाण्यातलं सगळ्यांत सोपं वाक्य आहे. ते लिहिलं की काम संपतं. माझ्या हाताखाली ते वाक्य लिहिणाऱ्याला मी आधी तिच्या आईचा जबाब आणायला पाठवायचो.

तपासणी झाल्यावर हाडं आईच्या ताब्यात द्यायची होती. नातेवाईक म्हणाले, सोलापुरातच उरकून टाकू, गवगवा नको. आईनं ऐकलं नाही. तिनं लेकीच्या सासरच्या गावी जायचं ठरवलं. बंदोबस्त म्हणून मी बरोबर गेलो. सकाळचे दहा वाजलेले, देवळापुढच्या पारावर माणसं बसलेली. आई पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी छातीशी धरून गाडीतून उतरली आणि पारासमोर उभी राहिली. कुणी उठलं नाही.

ती माझ्याकडे वळली. “सायब, ह्यांनी पाच वर्सं तोंडानं सांगितलं, माझी लेक पळाली म्हनून. मी न्हाय म्हनले तर हसले. आता तुमी तोंडानं सांगा.”

असं जाहीर करायचा काही नियम नाही. मी टोपी नीट केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “ही मुलगी कुणाबरोबरही गेलेली नव्हती. हे गाव सोडून ती कुठंही गेली नव्हती. पाच वर्षं ती तुमच्याच शिवारात होती.” पारावरचे काहीजण खाली बघू लागले. शेजारणीनं दारात उभ्या उभ्या तोंडाला पदर लावला. आईनं मात्र एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, पारावरचा शेवटचा माणूस होईपर्यंत, आणि मगच गाडीत बसली.

महिन्याभरात मला कारणे दाखवा नोटीस आली. तपासाची माहिती अधिकार नसताना जाहीरपणे दिली, असा ठपका होता. मी उत्तर लिहिलं. तपासाचा निष्कर्ष खबर देणाऱ्याला कळवायचा असतो. या प्रकरणात मूळ खबर देणारा कोठडीत होता. त्यामुळे ज्यांनी ज्यांनी ती खबर पुढे सांगितली, त्या सर्वांना मी समक्ष जाऊन कळवलं.